पाचवी

परवा सांगलीहून मामांचा फोन होता. थंडीची चौकशी झाली, गुडघ्यांची झाली, आणि मग नेहमीचा प्रश्न आला. "काय, पोरगी मेडिकल की इंजिनियरिंग?" मी म्हटलं, "मामा, ते अजून ठरलेलं नाही. पण तिला कॉलेजात धावायचंय." पलीकडे जरा शांतता. मग म्हणाले, "धावू दे रे. पण शिकणार काय?"

दहा मिनिटं मी समजावून सांगायचा प्रयत्न केला आणि शेवटी "बरं बरं, तब्येतीला जपा" यावर फोन संपला. तेव्हाच ठरवलं की हे एकदा नीट लिहून काढायचं. मामांसाठी, बाकीच्या नातेवाईक मंडळींसाठी, आणि खरं सांगायचं तर स्वतःसाठीही. कारण या धावण्यापायी गेल्या दोन वर्षांत मी जे उद्योग केले त्यातले निम्मे अजून घराबाहेर कुणाला माहीत नाहीत. लेकीची परवानगी घेतली आहे. अट एकच, तिचं आणि शाळेचं नाव घालायचं नाही. ("आणि बाबा, उगाच इन्स्पायरिंग वगैरे करू नकोस.") तसा प्रयत्न करतो :-)

आधी माझी पात्रता सांगतो. मी आयुष्यात धावलो तो फक्त एसटीमागे. पीटीच्या तासाला झाडाखाली बसायला मिळावं म्हणून पोटात दुखतंय असं सांगणाऱ्यांपैकी मी. खेळ म्हणजे दहावीला मिळणारे वाढीव गुण, एवढीच माझी समजूत, आणि ते गुणही नेहमी दुसऱ्यांना मिळायचे. हिच्या माहेरीही कुणी खेळाडू नाही. त्यामुळे न्यू जर्सीच्या आमच्या गावात नववीत गेलेल्या कन्येने "मी क्रॉस कंट्रीत नाव दिलंय" असं जाहीर केलं तेव्हा आम्हाला वाटलं, मैत्रिणी आहेत म्हणून जात असेल. थंडी पडली की सोडेल.

सोडलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. क्रॉस कंट्री म्हणजे गवतातून, चिखलातून, चढउतारावरून पाच किलोमीटर धावायचं. हा हंगाम सप्टेंबर ते नोव्हेंबर. मग हिवाळ्यात बंदिस्त ट्रॅक, वसंतात बाहेरचा ट्रॅक. तिथे हिची शर्यत ३२०० मीटरची, म्हणजे आठ फेऱ्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत सुट्टी नसतेच, कारण पुढच्या हंगामाचा पाया तेव्हाच घालायचा असतो. आठवड्याला साठ-पासष्ट किलोमीटर पळणं होतं. सांगलीहून निघून कोल्हापूर गाठायचं आणि तिथे न थांबता कागलपर्यंत जायचं, दर आठवड्याला, असा हिशोब मांडा.

पण मला खरी गंमत वाटली ती गुणांच्या पद्धतीची. माझी कल्पना होती की पहिला आला तो जिंकला, विषय संपला. तसं नसतं. प्रत्येक संघाच्या सात मुली धावतात. त्यातल्या पहिल्या पाचजणींचे क्रमांक घ्यायचे आणि त्यांची बेरीज करायची. ज्यांची बेरीज सगळ्यात कमी तो संघ जिंकला. पहिले पाचही नंबर तुमचेच आले तर १ ते ५ ची बेरीज १५, त्याहून कमी गुण होऊच शकत नाहीत. सहावी आणि सातवी मोजल्या जात नाहीत, पण त्या दुसऱ्या संघाच्या पाचवीच्या पुढे आल्या तर तिचा नंबर मागे ढकलला जातो, म्हणजे त्याही कामाच्या.

यात एक मेख आहे. सगळ्यात पुढे धावणारी मुलगी एकटीच असते. तिने तीन सेकंद कमी केले तर फार तर एक नंबर वाढतो. पण मधल्या गर्दीत धावणाऱ्या मुलीने तीन सेकंद कमी केले तर पाच-सहा जणी एकदम मागे पडतात. म्हणजे संघाचं नशीब पुष्कळदा पाचवीच्या हातात असतं. आमची कन्या बहुतेक वेळा पाचवी. एकदा आईला, म्हणजे तिच्या आजीला, मी फोनवर मोठ्या अभिमानाने सांगितलं, "पाचवी आली!" आई म्हणाली, "अरे, पाचवी केव्हाच झाली ना तिची? आता दहावीला असेल."

दहावीला असतानाच, म्हणजे २०२४ च्या वसंतात, ती ३२०० मीटर ११ मिनिटं ३८ सेकंदांत धावली. आदल्या वर्षापेक्षा जवळजवळ चाळीस सेकंद कमी. त्या रात्री जेवताना ती भाताशी खेळत हळूच म्हणाली, "मला कॉलेजमध्ये रन करायचंय." एवढंच. मी ते वाक्य ऐकलं आणि उठून लॅपटॉप उघडला. इथून माझे उद्योग सुरू झाले.

माझा पिंड एक्सेलचा. मी तिच्या सगळ्या शर्यतींच्या वेळा मांडल्या, आलेख काढला, त्यातून एक सरळ रेषा ओढली आणि ती रेषा पुढे वाढवून बारावीच्या शेवटी ती १०:४० वर येणार असं गणित काढलं. मग कॉलेजांची यादी केली. अमेरिकेत कॉलेजच्या खेळांचे तीन थर आहेत. वरचा डिव्हिजन वन, मग टू, मग थ्री. पहिल्या दोघांत खेळासाठी शिष्यवृत्ती मिळू शकते, थ्रीमध्ये ती मिळतच नाही. मी अर्थातच वनची यादी केली. एनसीएएच्या नियमाप्रमाणे डिव्हिजन वनचे कोच दहावी संपल्यावर १५ जूनपासून मुलांशी थेट बोलू शकतात. म्हणजे १५ जूनच्या आत आपलं नाव त्यांच्यासमोर हवं. कॉलेजांच्या साइटवर मुलांनी भरायच्या प्रश्नावल्या असतात. मी त्या रात्री जागून भरल्या. तिच्या नावाने. एकवीस.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण तिच्या ईमेलचा पासवर्ड मला माहीत होता, कारण ते खातं मीच उघडून दिलं होतं. त्यातून मी कोचेसना पत्रंही लिहिली. छान, नम्र, मुद्देसूद. मला आपल्या कॉलेजच्या परंपरेबद्दल आदर आहे, मला कष्टाची आवड आहे, वगैरे. एका पत्रात उत्साहाच्या भरात लिहिलं की मला चढावरचा सराव सगळ्यात जास्त आवडतो.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात एका कोचबाईंचा फोन आला. लेक स्वयंपाकघरात होती, स्पीकर चालू होता. बाई अगदी गोड बोलत होत्या. म्हणाल्या, "तू लिहिलंस की तुला चढ आवडतात, ते वाचून मला फार आवडलं. अशा मुली कमी भेटतात."

लेकीने माझ्याकडे बघितलं. तिला चढांचा तिटकारा आहे, हे तिच्या संघातल्या सगळ्यांना माहीत आहे. ती फोनवर "हो... थँक यू..." असं काहीतरी बोलत राहिली. फोन ठेवला, वर गेली आणि दार लावून घेतलं. तासाभराने खाली येऊन एवढंच म्हणाली, "बाबा, ती माझ्याशी नाही, तुझ्याशी बोलत होती." त्याच रात्री पासवर्ड बदलला गेला. आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे तिने मला धावण्याबद्दल काही सांगणंच बंद केलं. कितीही विचारा, उत्तर "फाइन."

ही म्हणाली, "तू माफी माग." मी म्हटलं, "मी तिच्यासाठीच केलं ना?" जवळजवळ दीड महिना असा गेला.

कोंडी फोडली ती अविनाश साबळेने. ७ ऑगस्ट २०२४, बुधवार, आमच्याकडे दुपार. मी घरून काम करत होतो. पॅरिस ऑलिंपिकची ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी लागणार होती. मी टीव्ही लावला तेव्हा ती पायऱ्यांवर येऊन बसली. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा मुलगा, या शर्यतीची ऑलिंपिक अंतिम फेरी गाठणारा पहिला भारतीय पुरुष. शर्यत संपली, तो अकरावा आला, ८:१४.१८. मी "अरेरे" म्हटलं. ती एकदम म्हणाली, "बाबा, अरेरे काय? ही वॉज इलेव्हन्थ इन द वर्ल्ड!"

मग मी तिला ललिता बाबरबद्दल सांगितलं. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली, आमच्या सांगलीपासून फार लांब नाही, पाऊस न पडणारा भाग. २०१६ ला रिओमध्ये तीही स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत होती, दहावी आली. १९८४ च्या पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी ऑलिंपिक ट्रॅकच्या अंतिम फेरीत पोचलेली भारतीय बाई. लेकीने विचारलं, "ते कुठल्या कॉलेजसाठी रन करायचे?" मी म्हटलं, "कॉलेज नाही. साबळे सैन्यात आहे. तिथे गेल्यावर त्याचं धावणं सुरू झालं. ललिता रेल्वेत होती. आपल्याकडे लांब पल्ल्याच्या धावपटूला सांभाळतं ते सैन्य, रेल्वे, पोलीस. नोकरी असते म्हणून धावता येतं." ती विचार करून म्हणाली, "म्हणजे तिथे पण कुणीतरी टीम लागतेच." मग बऱ्याच वेळाने, टीव्हीकडेच बघत, "चढ मला अजूनही आवडत नाहीत."

मी माफी मागितली. मराठीत 'सॉरी' म्हणालो, नेहमीप्रमाणे.

पण माणूस एका फटक्यात सुधारत नाही. आलेख माझ्याकडे होताच.

अकरावीचा हंगाम सुरू झाला आणि ती हळू धावायला लागली. होल्मडेल पार्क म्हणून इथे राज्यात प्रसिद्ध असलेला एक कोर्स आहे. सुरुवातच चढावर, आणि मध्ये एक 'बोल' आहे, म्हणजे खरोखरच वाडग्यासारखा खड्डा, उतरून पलीकडून पुन्हा वर चढायचं. दहावीत ती तिथे २०:४० धावली होती. अकरावीत २१:५०. पाचवीची सातवी झाली. कोचेसचे ईमेल कमी झाले. माझ्या आलेखातली सरळ रेषा एकीकडे आणि तिचे ठिपके दुसरीकडे.

मी काय केलं असेल? मी तिला आलेख दाखवला. गाडीत, शर्यतीहून परत येताना. म्हटलं, "बघ, सप्टेंबरपासून असं चाललंय. रात्री बारापर्यंत फोन बघतेस, झोप नाही, मन लागत नाही." ती खिडकीकडे तोंड करून रडत होती हे मला घर येईपर्यंत कळलं नाही.

ऑक्टोबरअखेर आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आली होती. आईला धावण्यातलं काही कळत नाही. पहिल्या दिवशी तिने नातीला विचारलं होतं, "एवढं धावून जायचंय कुठे, सोने?" पण आई घरात बसून सगळं बघत असते. एका रात्री मी पाणी प्यायला उठलो तर ती अंधारात स्वयंपाकघरात बसलेली. म्हणाली, "ही पोर रोज रात्री बर्फ खाते. बघितलंस?"

मी म्हटलं, "अगं, इथे सगळे बर्फ खातात. पाण्यातही बर्फच असतो."

"तसं नाही. ट्रेच्या ट्रे संपवते. कडाकडा चावून. दुपारी शाळेतून आली की पुन्हा. आणि पांढरीफटक दिसते. जिना चढून गेली की धाप लागते, आणि म्हणे पळणारी." मग आवाज खाली आणून म्हणाली, "माझ्या वेळेला पोटुशा बायका माती खायच्या, पाटीवरची पेन्सिल खायच्या, चुलीतली राख खायच्या. माझी धाकटी बहीण खायची. अंगात रक्त नसलं की असं होतं. हिचं रक्त तपासून घे."

मी मनातल्या मनात हसलो, हे कबूल करतो. तरी आईच्या समाधानासाठी डिसेंबरमध्ये डॉक्टरांकडे नेलं. हिमोग्लोबिन ११.८, थोडं कमी. पण डॉक्टरांनी फेरिटिनही करायला सांगितलं, म्हणजे शरीरात लोहाचा साठा किती आहे ते. तो आला ७. धावणाऱ्या मुलींचा निदान तीसच्या वर तरी असावा असं त्या म्हणाल्या. "टाकी रिकामी आहे," त्यांचे शब्द. मी बर्फाचं सांगितलं, जरा संकोचत, आई म्हणते म्हणून. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, लोह कमी असलं की बर्फ खावासा वाटतो, हे अगदी नेहमीचं लक्षण आहे, आणि हे तुमच्या आईला कुणी शिकवलं?

मग त्यांनी समजावलं. लांब पल्ल्याच्या धावपटूंचं लोह घामातून जातं, पावलं आपटून आपटून रक्तातल्या पेशी फुटतात, वाढीचं वय, त्यात मुलींची पाळी. शाकाहारी जेवणातलं लोह शरीरात कमी शोषलं जातं. त्यात आमच्याकडे जेवणावर चहा, जो ते शोषणच अडवतो. आणि अजून एक गोष्ट, जी मी विसरणार नाही. पंधरा-सोळाव्या वर्षी मुलींच्या शरीरात बदल होतात आणि कितीतरी चांगल्या धावणाऱ्या मुलींच्या वेळा वर्ष-दोन वर्षं थबकतात. ते काही बिघडलेलं नसतं. तेव्हा नीट खाल्लं आणि धीर धरला तर पुढे त्या पुन्हा वेगात येतात. धीर नसला आणि खाणं कमी केलं तर हाडं मोडतात.

माझ्या सरळ रेषेत हे काहीच नव्हतं. माझ्याकडे प्रत्येक शर्यतीची वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत होती, आणि तिचा चेहरा कसा दिसतो ते मला दिसलं नव्हतं. घरी आल्यावर ती फाईल पुसली. हे फार मोठं काही केलं असं नाही, पण केलं.

त्यानंतर घराचा ताबा आईने घेतला. डॉक्टरांच्या लोहाच्या गोळ्या एक दिवसाआड, संत्र्याच्या रसाबरोबर. जेवणानंतर तासभर चहा बंद, तोही सगळ्यांना (हा माझ्यावरचा अन्याय). एडिसनच्या दुकानातून लोखंडी कढई आली, पालेभाजी तिच्यातच. आईने अळीव नारळाच्या पाण्यात भिजवून गुळाचे लाडू केले. लेक ते डब्यात घेऊन जायची आणि बघता बघता तिच्या संघातल्या मुली "ग्रँडमा बॉल्स" मागायला लागल्या. एक दिवस लेकीने विचारलं, मी चिकन खाल्लं तर आजीला चालेल का? जन्मात अंडंही न शिवलेली आमची आई म्हणाली, "खाऊ दे की. देवाला रिकामी टाकी घेऊन का भेटायचंय?"

दोन महिने ती फक्त हळू धावली. जानेवारीत एका बंदिस्त शर्यतीत १२:०९ ला शेवटून दुसरी आली. मी काही बोललो नाही. काही न बोलणं किती अवघड असतं ते मला तेव्हा कळलं. मार्चमध्ये आई परत गेली तोपर्यंत फेरिटिन २९ होतं. मे २०२५ मध्ये लेक ३२०० मीटर ११:२४ धावली. शर्यत संपल्यावर गवतावर आडवी पडून तिने पहिला फोन सांगलीला लावला. तिथे रात्रीचे दीड वाजले होते.

आता कॉलेज. मामा, इथून पुढे तुमच्या प्रश्नाचं उत्तर.

एका डिव्हिजन वन कॉलेजचे कोच त्या वसंतात तिच्याशी नियमित बोलत होते. शिष्यवृत्ती नाही, पण संघात जागा देऊ असं म्हणत होते. इथे नातेवाईकांचा एक गैरसमज दूर करतो. खेळाची शिष्यवृत्ती म्हणजे फुकट शिक्षण, असं पुष्कळांना वाटतं. २०२४-२५ पर्यंत डिव्हिजन वनच्या एका कॉलेजला मुलींच्या क्रॉस कंट्री आणि ट्रॅक या सगळ्यांसाठी मिळून जास्तीत जास्त १८ शिष्यवृत्त्या देता यायच्या, मुलांसाठी १२.६. त्यातच उड्या मारणाऱ्या, गोळा फेकणाऱ्या, सगळ्या आल्या. त्यामुळे बहुतेकींना त्यातला तुकडाच मिळायचा, आणि आमच्या लेकीसारख्यांना तोही नाही. पण संघात किती मुली ठेवायच्या यावर बंधन नव्हतं. कोच म्हणायचे, ये, धाव, सुधार, मग बघू.

६ जून २०२५ ला एका मोठ्या खटल्यातली तडजोड कोर्टाने मंजूर केली आणि हे उलटं झालं. ज्या कॉलेजांनी ती तडजोड स्वीकारली तिथे शिष्यवृत्त्यांची मर्यादा गेली आणि संघातल्या संख्येवर मर्यादा आली. क्रॉस कंट्रीला १७, ट्रॅकला ४५. खेळाडूंना कॉलेजकडून पैसे मिळू लागले, ते त्यांच्या हक्काचेच आहेत. पण "ये, मग बघू" वाली जागा आटली. त्या कोचचा चार ओळींचा ईमेल आला. मला तो लेकीने स्वतः दाखवला. संख्या कमी करावी लागतेय, सध्या शब्द देऊ शकत नाही, शुभेच्छा. माणूस वाईट नव्हता. वर्षभर बोलून चार ओळी, एवढंच खुपलं.

मी म्हटलं, "आता?" ती म्हणाली, "आता मी लिस्ट करते."

तिच्या यादीत सगळी डिव्हिजन थ्री कॉलेजं होती. नावं सांगितली तर सांगलीत कुणी ओळखणार नाही. खरं सांगायचं तर मीही ओळखत नव्हतो, आणि माझा चेहरा तसा झाला असणार, कारण ती म्हणाली, "बाबा, फेस." तिथे खेळासाठी छदाम मिळत नाही. पैसे मिळाले तर अभ्यासावर किंवा घरच्या उत्पन्नावर. कोच उन्हाळ्यात तुमचे मार्क प्रवेश विभागाला दाखवून अंदाज घेतात, आणि पटलं तर तुमच्या बाजूने शब्द टाकतात. निर्णय मात्र प्रवेश विभागाचाच. तिने पत्रं लिहिली, मी वाचली नाहीत. एक कॉलेज बघायला आम्ही दोघं गेलो. तिथल्या मुली लॅब संपवून केस बांधत धावायला येत होत्या, आणि सरावानंतर सगळ्या एका लांब टेबलावर भरपूर जेवत होत्या. कोचबाईंनी लेकीला फेरिटिनबद्दल स्वतःहून विचारलं, वर्षातून दोनदा आम्ही सगळ्यांचं तपासून घ्यायला सांगतो म्हणाल्या. परतताना गाडीत ती म्हणाली, "इथे." मी हो म्हटलं, आणि या वेळी मनापासून म्हटलं.

शेवटचा हंगाम. तिने मला एक काम दिलं. होल्मडेलच्या बोलमध्ये, चढ जिथे संपतो तिथे उभं राहायचं. वेळ ओरडून सांगायची नाही. "कम ऑन" नाही, "पुश" नाही. फक्त ती आपल्या संघातली कितवी आहे आणि पुढची किती लांब आहे, तेवढंच सांगायचं. मराठीत, म्हणजे दुसऱ्या कुणाला कळणार नाही.

नोव्हेंबर २०२५, राज्याची गटवार स्पर्धा. इथून त्यांचा संघ पुढे गेला तरच आणखी एक शर्यत, नाहीतर चार वर्षांचं क्रॉस कंट्री त्याच दिवशी संपणार. मी अर्धा तास आधीच जाऊन उभा राहिलो. चढावरून मुली वर येतात तेव्हा आधी डोकी दिसतात, मग चेहरे. पहिली गेली, दुसरी-तिसरी बरोबर गेल्या, चौथी. मग बराच वेळ, म्हणजे बहुधा दहा सेकंद, दुसऱ्याच रंगांचे बनियन. आणि मग ती. तोंड वासलेलं, मान एका बाजूला, चढ अजिबात न आवडणारा चेहरा. मी ओरडलो, "पाचवी! चौथी पन्नास पावलं! मध्ये आठजणी!"

तिने बघितलंही नाही. पण सपाटी आल्यावर तिची पावलं बदलली हे मला कळलं. मला आता कळतं. शेवटच्या टप्प्यापर्यंत मी पळत गेलो (एसटीनंतर प्रथमच) आणि पोचलो तेव्हा ती संपवून कंबरेवर हात ठेवून उभी होती. २०:१२. मधल्या आठांपैकी सहाजणींना तिने मागे टाकलं होतं. संघ पुढे गेला, चार गुणांनी. हिशोब करायला मला एक्सेल लागलं नाही.

असो. गोष्ट इथे संपवली तर बरी दिसेल, पण तसं झालेलं नाही.

तिने त्या एका कॉलेजला लवकरचा अर्ज केला होता, प्रवेश मिळाला तर येणारच, अशा अटीचा. डिसेंबरच्या मध्यावर संध्याकाळी उत्तर आलं. हो नाही, नाहीही नाही. अर्ज पुढच्या फेरीत ढकलला. कळेल मार्चअखेर. कोचबाईंनी लगेच फोन केला, तू मला हवीच आहेस, पण ते माझ्या हातात नाही म्हणाल्या. लेक "ओके" म्हणाली, जेवली, आणि झोपायला गेली.

मला झोप आली नाही. रात्री दीड वाजता मी खाली येऊन लॅपटॉप उघडला. प्रवेश विभागाला पत्र लिहायला घेतलं. या मुलीने काय सोसलंय, टाकी रिकामी असताना अकरावीचे मार्क कसे टिकवलेत, तुम्हाला काय कल्पना, वगैरे. तीन परिच्छेद झाले. चांगलं झालं होतं पत्र. मग पुसलं आणि झोपलो.

सकाळी ती पोहे खाताना म्हणाली, "मी रात्री त्यांना लेटर लिहिलं. मला अजून तिथेच यायचंय म्हणून." मी विचारलं, "वाचू का?" ती म्हणाली, "नको." थोड्या वेळाने, "तू काही पाठवलंस का?"

"नाही."

तिने माझ्याकडे नीट बघितलं, खरं बोलतोय का ते. मग म्हणाली, "थँक्स, बाबा," आणि दुसरी वाटी पोहे घेतले.

आज सकाळी सहा वाजता उणे आठ होतं. ती टोपी, हातमोजे चढवून गेली आणि पन्नास मिनिटांनी भुवयांवर दव गोठवून परत आली. बाकी सहा कॉलेजांना अर्ज केलेत, त्यातल्या चार ठिकाणच्या कोचेसशी ती बोलतेय. कुठेही गेली तरी पहिल्या वर्षी संघात ती बहुधा बारावी-पंधरावी असेल. मोठ्या शर्यतीला सातजणीच जातात. हे तिला माहीत आहे. ती म्हणते, "मग काय, नववीत मी एकविसावी होते."

तर मामा, शिकणार काय, तर बहुधा बायोलॉजी. रक्तावर काहीतरी करायचं डोक्यात आहे, आजीमुळे. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, बर्फ खात नाही ना आता, ते सांग.

नाही खात. शेवटचं फेरिटिन ४१. फ्रीजरमधला ट्रे भरलेला असतो. तरी रोज रात्री दिवे घालवायच्या आधी मी एकदा उघडून बघतो.